चार दरवाजे, पाच खिडक्या

राज्य रस्ते विकास महामंडळाचे अधिकारी आणि चंद्रपूर-गडचिरोलीचे उद्योजक, व्यापारी, वाहतूकदार या सर्वांचे इरई-झरपटीच्या काठची ही नगरी मनापासून स्वागत करते. महामार्गाची आखणी करणारे आणि त्यावरून माल नेणारे एका मांडवात बसले आहेत, याचे स्वागत समितीला मोठे अप्रूप आहे. गडचिरोली 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा जिल्हा झाला, तरी चांदेकरांच्या मनातून वेगळा झालेला नाही. सिरोंचा, भामरागडकडची मंडळी लांबचा पल्ला मारून आली आहेत. त्यांना पहिला नमस्कार.

यातले बरेच पाहुणे जटपुरा दरवाजाशी खोळंबले, त्याबद्दल समिती दिलगीर आहे. मात्र त्या दरवाजाविषयी चांदेकराला थोडे बोलू दिले पाहिजे. गोंड राजांचा हा परकोट सुमारे 11 किलोमीटर लांबीचा. त्याला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे, शिवाय बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण या पाच खिडक्या. फौजफाटा आणि गाड्या दरवाजांतून जाव्यात, पायी माणसाला खिडकी जवळ पडावी. अंचलेश्वर दरवाजाजवळ राणी हिराईने पती बीरशाहसाठी बांधलेली समाधी पाहिल्याशिवाय कुणी पाहुण्याने गाव सोडू नये. बुरुजांवर माजलेली झाडेझुडपे इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी 2017 पासून हातांनी काढली. तेव्हा कुठे हा परकोट पुन्हा नजरेत भरला. राजवाडे पुष्कळ गावांत असतात; पायी चालणाऱ्याची सोय करून ठेवणारी ही भिंत चांद्याचा खरा दागिना आहे.

आज दुपारच्या पंगतीत जो भात वाढला जाईल, त्याचीही हकीकत सांगायला हवी. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे. शेती जेमतेम दीड एकर. 1983 मध्ये पटेल-3 जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या खुडून बाजूला ठेवल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवडत निवडत बारीक दाण्याचे वाण तयार केले. त्या काळी एचएमटीची घड्याळे लोकप्रिय होती. तेच नाव या धानाला मिळाले आणि एचएमटी तांदूळ राज्याच्या सीमा ओलांडून गेला. 2005 मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा सन्मान केला. 3 जून 2018 रोजी ते गेले. मूल आणि सिंदेवाहीच्या राईस मिलमधून या तांदळाची पोती भरून ट्रक निघतात, पण व्यापाऱ्यांच्या सभेत दादाजींचे नाव क्वचितच ऐकू येते. आज ते घेतले जावे, असा समितीचा आग्रह होता.

रस्त्यांच्या परिषदेत धानाची गोष्ट कशाला, असे कुणी विचारील. या दोन जिल्ह्यांत रस्त्याचा हिशेब होतो तो जड मालाचा. वेकोलिच्या खाणींतला कोळसा, गडचांदूर परिसराचे सिमेंट, 2,920 मेगावॉटचे महाऔष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरचा कागद आणि आता सुरजागडचे लोहखनिज. हा माल वेगाने जायलाच हवा, कारण हजारो घरांची चूल त्यावर पेटते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. त्याचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. तोच वेग पूर्व विदर्भापर्यंत आणायचे आता योजले आहे, याचा इथल्या प्रत्येक उद्योजकाला आनंद आहे.

पण धानोरा मार्गावर मेंढा-लेखा आहे. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्या गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. परवान्याचे पुस्तक गावाकडे आहे, तसा महामार्गावर चढण्याचा रस्ताही गावाजवळ हवा. बंदिस्त द्रुतगती मार्गाला चढउताराच्या जागा मोजक्याच असतात. त्या खाणीशी ठरतील, तशा धानाच्या बाजारपेठांशी आणि तेंदूपानाच्या गोदामांशीही ठराव्यात. जोडरस्त्यांचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तिथल्या व्यापाऱ्याला चौपदरीपेक्षा बारमाही रस्ता अधिक मोलाचा आहे.

आणि वाघ. चंद्रपूर-मूल रस्ता जंगलातून जातो. वन्यप्राणी रस्त्यावर मेल्याची बातमी इथल्या माणसाला घरातली वाटते. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांना खालून जाण्यासाठी नऊ बांधकामे झाली. त्यांतले सर्वांत लांब 750 मीटरचे आहे. भारतीय वन्यजीव संस्थानाच्या कॅमेऱ्यांत तिथून जाणारे वाघ आणि रानकुत्रे दिसले. ताडोब्याच्या शेजाऱ्यांना तेच हवे आहे, आणि ते पहिल्या आराखड्यातच हवे. परकोट बांधून झाल्यावर खिडक्या फोडलेल्या नाहीत.

समितीच्या उणिवा अनेक आहेत. वाहनतळ अपुरा पडला, काही पाहुण्यांची उतरण्याची सोय दूरच्या लॉजमध्ये करावी लागली, सभागृहातल्या मागच्या रांगांना पंख्याचा वारा पोचत नाही. मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे. मूलच्या राईस मिलवाल्यांनी तांदूळ दिला, बल्लारपूरच्या लाकूड व्यापाऱ्यांनी व्यासपीठ उभारले, ट्रक मालकांनी गाड्या दिल्या, महिला बचत गटांनी मोहफुलांचे लाडू पाठवले आणि महाविद्यालयातली मुले कालपासून झोपलेली नाहीत. देणगी देऊन नाव न सांगण्याची अट घालणाऱ्यांचेही ऋण मोठे आहे.

दोन्ही जिल्ह्यांचे नकाशे बाजूच्या दालनात तालुकावार मांडले आहेत, शेजारी लाल पेन्सिली आहेत. चहाच्या वेळात प्रत्येक तालुक्याच्या प्रतिनिधीने आपल्या गावाला हवा तो जोडरस्ता त्यावर काढावा आणि अधिकाऱ्यांनी ते नकाशे मुंबईला सोबत न्यावेत, अशी स्वागत समितीची विनंती आहे.