पत्र्याखालचं तापमान

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘हवामानबदल आणि आपण’ या विषयावर पंधरा मिनिटं दिली आहेत. मी हवामानशास्त्रज्ञ नाही. सॉफ्टवेअर लिहिते. कारखान्यातल्या यंत्रांवर बसवलेल्या सेन्सरचे आकडे गोळा करायचे आणि त्यातले खोटे बाजूला काढायचे, हे माझं वीसेक वर्षांचं काम. भूगोलात मला बावन्न मार्क होते, बाईंना आठवत असेल. (बाई हसताहेत, म्हणजे आठवतंय.) तेव्हा जगाचं मी काही सांगत नाही, नागपूरचं सांगते. त्यातही उन्हाचं.

३० मे २०२४ ची संध्याकाळ आठवा. आपल्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं, ‘नागपूर ५६ अंश!’ पाठोपाठ तव्याशिवाय ऑम्लेट, वितळलेली चप्पल, सगळं येऊन गेलं. अमेरिकेतल्या मंडळींनी काळजीने विचारपूस केली. मीही तो आकडा चार ठिकाणी पुढे पाठवला. पाठवल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की रोज ऑफिसात असा आकडा दिसला तर मी पहिल्यांदा काय विचारते? शेजारचा सेन्सर काय सांगतोय? नागपूर परिसरात हवामान खात्याची चार स्वयंचलित केंद्रं होती. त्यातल्या दोघांनी ५६ आणि ५४ दाखवले होते, उरलेल्या दोघांनी ४४ च्या आसपास. पुढे हवामान खात्यानेच खुलासा केला की त्या दोन ठिकाणचे सेन्सर चुकत होते. नागपूरचा खरा विक्रम २३ मे २०१३ चा, ४७.९ अंशांचा. तोही काही कमी नाही.

५६ खोटं ठरल्यावर ग्रुपवर सगळ्यांना हायसं वाटलं. ‘म्हणजे ४४ च होतं’, असं एकाने लिहिलं. हे ‘४४ च’ फक्त नागपूरकरच लिहू शकतो! मे महिन्यात आपल्याकडे ४२-४३ म्हणजे नेहमीचंच. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करायची तर तापमान निदान ४० आणि शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंश वर लागतं, किंवा मग थेट ४५ गाठावे लागतात. त्यामुळे ४३ अंशांत कोणी रस्त्यावर डांबर टाकत असेल, तर कागदोपत्री तो लाटेत नसतो.

आता माझ्या घरातली गोष्ट. करोनानंतर मी आईजवळ राहायला नागपूरला परत आले. आईकडे स्वयंपाकाला एक मावशी येतात. गेल्या मे महिन्यात त्या लागोपाठ तीन दिवस उशिरा आल्या. आई कुरकुरली. चौथ्या दिवशी त्यांच्या हातून लोणच्याची बरणी पडली, आदल्या दिवशी भरलेली, पाच किलो कैरीची. मी खोलीतून बाहेर आले, माझी मीटिंग चालू होती, आणि मी बोलले, ‘मावशी, लक्ष कुठे असतं तुमचं?’ त्या खाली बसून काचा वेचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘राती झोपच नाई झाली ताई. घर भट्टीवानी तापते.’

मी एसीच्या खोलीतून उठून आले होते. ५६ अंशांवर मी ग्रुपवर किमान पंधरा मेसेज लिहिले असतील. मावशी सहा वर्षं आमच्याकडे येतात, त्यांच्या घरात किती तापतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी दोन साधी डिजिटल यंत्रं मागवली, तापमान आणि आर्द्रता दाखवणारी. एक आईच्या हॉलमध्ये ठेवलं, एक मावशींना दिलं. त्यांची मुलगी आपल्याच शाळेत आठवीत आहे. तिने सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री अकराचे आकडे वहीत लिहून ठेवले, रेघा आखून. ऑफिसात मला इतका स्वच्छ डेटा मिळत नाही. तिच्या वहीतला एक दिवस सांगते. दुपारी ४६. रात्री अकराला ३८. त्याच वेळी आईच्या हॉलमध्ये कूलर लावून ३१. हे एका घराचे आकडे आहेत, एका आठवड्याचे, स्वस्तातल्या यंत्राचे. त्यावरून शहराबद्दल काही सिद्ध होत नाही. पण शेजारचा सेन्सर काय सांगतोय, या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं.

हवामान खात्याचं तापमान सावलीत, मोकळ्या जागी, वारा खेळेल अशा पांढऱ्या लाकडी पेटीत मोजतात. तसंच मोजायला हवं, नाहीतर एका गावाची दुसऱ्याशी तुलना कशी करणार? पण त्या पेटीत राहायला कोणी जात नाही. मावशींचं घर दहा बाय बारा, वर पत्रा, एक दार, खिडकी नाही. दिवसभर पत्रा तापून खाली आग ओततो. सूर्य बुडाला की पत्रा स्वतः लवकर निवतो, पण दिवसभर तापलेल्या विटांच्या भिंती रात्री उष्णता सोडत बसतात आणि ती बाहेर जायला वाट नसते. दार उघडं टाकून झोपावं, तर घरात वयात आलेली मुलगी.

मी विचारलं, कूलर नाही का? आहे, जुना घेतलेला. पण खिडकीच नाही, तर तो खोलीच्या आत ठेवलेला. आता हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे की कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते. आत ठेवला की तीच ओली हवा फिरत राहते, तासाभरात घामाच्या धारा. शिवाय त्याला बादल्यांनी पाणी, आणि नळ येतो तासभर.

कूलरबद्दल आणखी थोडं, कारण नागपूरची माणसं कूलरवरच वाढलेली आहेत. ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर जे तापमान दाखवतो, त्याच्या खाली कोणताही कूलर हवा नेऊ शकत नाही. आपलं घाम येणारं अंगही त्याच नियमाने चालतं. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता, म्हणजे आपला मे महिना, तेव्हा हे ओलं तापमान येतं साधारण २४. म्हणून आपण तगतो. ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता, म्हणजे पाऊस पडून उघडलेला एखादा दिवस, तेव्हा ते येतं ३०. बातम्यांत पारा ‘उतरलेला’ असतो आणि पत्र्याखाली जीव जास्त घाबरतो. तापणारी हवा वाफही जास्त धरते, त्यामुळे हे दिवस वाढणार. हवामानबदल म्हटलं की मला हल्ली हिमनदी किंवा पांढरं अस्वल नाही दिसत, खोलीच्या आत ठेवलेला तो कूलर दिसतो.

आपण लहान होतो तेव्हाही ऊन होतंच. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, वाफ निघायची, मग गाद्या टाकायच्या. खिशात कांदा घेऊन निघायचं. वस्तीत लोक बाजा अंगणात काढून झोपायचे. छतं कवेलूची होती. कवेलूच्या फटींतून हवा जायची, पावसाळ्यात गळायचंही, दरवर्षी फेरावे लागायचे. मग पत्रे आले, अंगणं गेली. आपल्या गच्च्याही गेल्या म्हणा, पण आपण एसी घेतला. तो आतली उष्णता बाहेर गल्लीत टाकतो, आणि त्याच्या विजेसाठी कोराडी-खापरखेड्याला कोळसा जळतो. मीही चालवते, घरून काम करायचं तर दुसरं काय करणार? फक्त हिशेबात तो धरायला हवा.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट इथे बसलेल्या दोघींना मी आठवण करून द्यायला नको. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, दीडशे वर्षांचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली, बोटींतून माणसं काढली. एकीची सगळी सर्टिफिकेटं, लग्नाचे अल्बम चिखलात गेले. तेव्हा आपला ग्रुप कसा धावला! चटया, गॅस शेगडी, प्लंबर, सगळं दोन दिवसांत. पाण्याने अंबाझरी लेआउट पाहिला नाही की झोपडपट्टी पाहिली नाही, म्हणून आपल्याला ते आपलं संकट वाटलं. ऊन तसं नाही. ते आपल्या दारात थांबतं आणि मावशींच्या दारातून आत जातं. बंद दाराआड कोणी दगावलं तर त्याच्या कागदावर बहुतेक वेळा ‘हृदय बंद पडून’ एवढंच येतं.

काहीच होत नाही असंही नाही. अहमदाबादेत २०१० च्या उन्हाळ्यात माणसं मेली, तेव्हा त्या शहराने २०१३ मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. आपल्या महापालिकेनेही पुढे तसा केला. दुपारी सिग्नल बंद ठेवतात, चौकात हिरव्या जाळ्या बांधतात, ते आपण पाहतोच. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण आणलं. थंड छत म्हणजे फार काही नाही, ऊन परत फेकणारं पांढरं छत.

मावशींच्या पत्र्यावर आम्ही चुन्यात फेविकॉल कालवून दोन हात मारले. मी, त्यांची मुलगी आणि शेजारचा एक पोरगा. दुपारचा आकडा तीन अंशांनी उतरला. पहिल्या दोन पावसांत चुना वाहून गेला, म्हणजे माझं मटेरियल चुकलं. पत्र्याला परावर्तक रंगच हवा.

आता मुद्द्याचं. त्या मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर न विचारता आणखी एक तक्ता केला होता, ‘आमचा वर्ग’. आपल्या शाळेच्या वरच्या मजल्यावर चार खोल्या पत्र्याच्या आहेत. आपण दहावीत असताना ‘तात्पुरत्या’ बांधल्या होत्या, आठवतं? आठवी तिथेच भरते. सकाळची शाळा असूनही एप्रिलमध्ये अकराला तिथे ४१ होतं.

आपण स्मृती-कमानीसाठी पैसे जमवले आहेत. कमानीला माझा विरोध नाही, असं म्हणायचं मी ठरवून आले होते. पण आहे. निदान आधी छत करू, उरलेल्यात कमान. मी काल फीत घेऊन वर गेले होते, चारही खोल्यांचं मिळून अंदाजे दोन हजार चौरस फूट आहे. मुख्याध्यापकांची परवानगी तोंडी मिळाली आहे, लेखी सोमवारी मिळेल. शिडी प्रयोगशाळेच्या मागे आहे, तिची एक पायरी हलते. मार्चचा शेवटचा रविवार, सकाळी सहा, नंतर पत्र्यावर पाय ठेववणार नाही. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनी वर, बाकीच्यांनी खाली बादल्या भरायला. पोहे माझ्याकडून, तर्री लावून.