तुटलेलं ब्लेड फेकू नका

आजचा भाग बँडसॉ चालवणाऱ्यांसाठी आहे, आणि त्याहून जास्त तो दुसऱ्याकडून चालवून घेणाऱ्यांसाठी आहे.

इथे कोलकात्यात निमतल्याला नदीकाठी लाकडाच्या वखारी आहेत, बहूबाजारात फर्निचरची दुकानं. मागच्या गल्ल्यांतल्या कारखान्यांत गेलं की एक तक्रार हमखास ऐकू येते. ब्लेड टिकत नाही. मालक म्हणतो माल खराब, दुकानदार म्हणतो मिस्त्री खराब. शेवटी काही ठिकाणी पैसे मिस्त्रीच्या मजुरीतून कापले जातात. म्हणून सांगतो, पैसे कापण्याआधी ते दोन तुकडे हातात घ्या.

तुटलेलं टोक उजेडात धरा. सगळं चकचकीत दिसलं तर ब्लेड एका झटक्यात गेलंय. पण थोडा भाग काळपट किंवा गंजलेला आणि बाकीचा चकचकीत असेल, तर भेग जुनी आहे. ती आधीपासून वाढत होती, आज फक्त पूर्ण झाली. आता बघायचं, काळा भाग कुठे आहे? दातांकडे, पाठीकडे, की जोडावर?

दातांकडे असेल तर दोन दातांमधली खाच बघा. तिकोनी कानशीने धार लावताना खाचेचा तळ टोकदार होतो, आणि भेग नेमकी त्या टोकातून सुरू होते. तळ गोल ठेवा. धार गेलेलं ब्लेड दाबून चालवलं तरी भेगा इथेच पडतात. मिस्त्री दाबतो म्हणून त्याला ओरडू नका. न दाबता लाकूड चिरत नाही म्हणून तो दाबतो.

पाठीकडे असेल तर मागचं बेअरिंग बघा. मशीन रिकामं चालताना ते फिरता कामा नये. लाकूड लावल्यावरच ब्लेडने त्याला टेकायचं. सतत घासलं की पाठ कडक होते आणि तडकते. बाजूच्या गाइडमध्ये कागद सरकेल एवढी फट ठेवा, आणि गाइड दातांना लागू देऊ नका.

जोडावर तुटत असेल तर मिस्त्रीचा संबंधच नाही. वेल्डिंगनंतर तो भाग काचेसारखा ठिसूळ होतो. त्याला पुन्हा मंद लालसर होईपर्यंत तापवून सावकाश थंड करावं लागतं, आणि नेमकं हेच घाईत राहतं. नवं ब्लेड घेताना दुकानातच जोड वाकवून बघा. बाकीच्या पट्टीसारखी गोलाई आली पाहिजे. जोड सपाट राहून दोन्ही बाजूंना कोन पडत असेल तर परत द्या.

आता जाडी. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे माणसं पैसे जास्त देऊन नुकसान विकत घेतात. जाड ब्लेड मजबूत, असा समज आहे. हिशोब करा. १८ इंची चाक, मिनिटाला ६०० फेरे, ब्लेड साडेतीन मीटर. ब्लेडचा प्रत्येक भाग सेकंदाला चार वेळा पूर्ण फिरतो, आणि चाकं दोन, म्हणजे आठ वेळा वाकून सरळ होतो. तासाला जवळजवळ ३०,००० वेळा! तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तोच प्रकार. जाड पट्टी वाकताना जास्त ताणली जाते. साधा नियम असा, की ब्लेडची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असावी. १८ इंच म्हणजे साधारण ४५० मिलिमीटर, तर ब्लेड ०.४५ ते ०.५ मिलिमीटर. ०.९ चं ब्लेड ३६ इंची चाकाच्या मिलला शोभतं. ते छोट्या मशीनवर चढवलं तर पोलाद कितीही चांगलं असो, तुटणारच.

कोलकात्याची म्हणून दोन कारणं आहेत. एक, पावसाळ्यातली दमट हवा. गंजाच्या बारीक खड्ड्यातूनही भेग सुरू होते. रात्री ताण सैल करा, ब्लेडवर तेलाचा फडका फिरवा. दुसरं म्हणजे जुनं लाकूड. उत्तर कोलकात्यातली जुनी घरं पाडली की छताच्या तुळया विकायला येतात, इथे त्यांना कडी-बरगा म्हणतात. ब्रह्मदेशी सागवान असेल तर सोन्यासारखा माल! पण आत खिळे असतात, डोकं गंजून गेलेलं, वरून दिसत नाहीत. अशा तुळईवरून आधी जाड लोहचुंबक किंवा मेटल डिटेक्टर फिरवा. तो झटक्याने तुटलेला चकचकीत तुकडा बहुतेक इथलाच असतो.

आणि एक आवाज ओळखायला शिका. चालू मशीनमध्ये एका लयीत टिक-टिक यायला लागलं, की एक तर जोड उंच राहिलाय किंवा भेग गाइडवरून जातेय. हातातलं लाकूड अर्धवट राहू द्या, स्विच बंद करा. ब्लेड तुटलंच तरी चाकं पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडू नका. तुटलेली पट्टी आत फिरत असते आणि बाहेर झेपावते.

चाकावरचं रबर झिजलं किंवा त्यावर भुसा नि डिंक साचला तरी ब्लेड मरतं. पण रबर कसं बदलायचं ते करून दाखवावं लागेल, ते पुढच्या भागात.