विद्यार्थी, लेखणी आणि चार पैसे
(पानिपत येथे मंडळाच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



पानिपतच्या भूमीवर मराठी माणूस बोलावयास उभा राहिला की १४ जानेवारी १७६१ हा दिवस आपोआप त्याच्या जिभेवर येतो. आज आम्ही तो बाजूस ठेवणार आहोत. मात्र त्या दिवसाशी निगडित अशा दोन लेखण्यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. या संग्रामातून वाचून परतलेल्या नाना फडणिसांचे वय तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस, म्हणजे मागच्या रांगेतील मुलांएवढेच; त्यांनी त्या दिवसांची हकीकत आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवली. दुसरे काशीराज पंडित. हे दक्षिणी गृहस्थ शुजाउद्दौल्याच्या पदरी चाकरीस होते आणि त्यांनी लढाईचा वृत्तांत लिहिला तो फारसीत. घरापासून दूर, परक्या दरबारी, परक्या भाषेत लेखणी चालवून पोट भरणारा मराठी माणूस ही काही आजची नवलाई नव्हे.

आमच्यापुढे ठेवलेला प्रश्न साधा आहे. शिकता शिकता मुलाने किंवा मुलीने लेखन करून चार पैसे मिळवावेत काय? पालक म्हणतात, अभ्यास बुडेल. मुले म्हणतात, वसतिगृहाचा खर्च, पुस्तके, परीक्षेची फी हे सारे किती दिवस वडिलांच्या माथी मारावयाचे? विटे-खानापूरकडून सोन्याचांदीच्या गलाईसाठी उत्तरेत आलेले कुटुंब असो की कारखान्यातील नोकरीमुळे येथे स्थिरावलेले असो, हा संवाद बहुतेक घरांतून ऐकू येतो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणूनच तो मिटत नाही.

अशा वेळी आम्हांस गोपाळ गणेश आगरकरांची आठवण होते. १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी अत्यंत गरीब घरात जन्मलेला हा मुलगा १८७५ साली मॅट्रिक होऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला तेव्हा अंगावरचा एक सदरा रात्री धुऊन सकाळी घालावा अशी त्याची स्थिती होती. शिष्यवृत्ती, वक्तृत्वाची बक्षिसे आणि वृत्तपत्रांतील लेख या तिहींवर त्याने शिक्षण रेटले. त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाणारी एक गोष्ट आजच्या विषयाला नेमकी लागू पडते. बी.ए.च्या परीक्षेची फी भरण्यास पैसे नव्हते. तेव्हा एक नाटक लिहावे, ते नाटक मंडळीस विकावे आणि त्यातून फी भरावी असा बेत आगरकरांनी केला. ही वार्ता त्यांचे प्राध्यापक केरूनाना छत्रे यांच्या कानी गेली. त्यांनी फीचे पैसे देऊन मुलाला अभ्यासास बसविले. १८७८ साली आगरकर बी.ए. झाले.

ही कथा सांगून बहुतेक वक्ते केरूनानांच्या औदार्यास वंदन करतात आणि खाली बसतात. वंदन आम्हीही करतो. परंतु गोष्टीचा पूर्वार्ध आम्हांस तितकाच मोलाचा वाटतो. त्या मुलाने कोणापुढे हात पसरण्याआधी आपल्यापाशी विकण्याजोगे काय आहे याचा विचार केला, आणि त्याच्यापाशी होती ती भाषा. पुढे केसरी व सुधारक या पत्रांतून जी लेखणी गाजली, ती घडण्याच्या वाटेवर हे फुटकळ, पैशासाठी केलेले लेखनही होते. पोटासाठी लिहिले म्हणून ती बाटली नाही.

येथे बक्षीस आणि मोबदला यांतील भेद ध्यानी घ्यावा. दक्षिणेचा पैसा पेशवाईत विद्वान ब्राह्मणांस वाटला जाई. इंग्रजी अमलात त्यातील काही भाग मराठी ग्रंथांस पारितोषिके देण्यासाठी लावण्यात आला. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक याच दक्षिणा प्राइज कमिटीकडे धाडले आणि कमिटीने ते नाकारले. बक्षीस हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. मोबदला हा केलेल्या कामाचा हक्क असतो. विद्यार्थ्याने बक्षिसाच्या स्पर्धांत जरूर उतरावे, पण महिन्याचा हिशेब त्यावर बांधू नये.

आता आगरकर पुण्याचे, असे कोणी म्हणेल, म्हणून याच पानिपतची दोन माणसे घेऊ. अल्ताफ हुसेन हाली १८३७ साली येथे जन्मले. सतराव्या वर्षाच्या सुमारास ते घरी न सांगता शिकण्यासाठी दिल्लीस गेले. पुढे लाहोरच्या सरकारी ग्रंथ-आगारात त्यांस काम मिळाले ते इंग्रजीतून उर्दूत झालेली भाषांतरे तपासून नीट करण्याचे. स्वतःस इंग्रजी बेताचे येणारा हा मनुष्य दुसऱ्यांच्या ओबडधोबड वाक्यांना रंधा मारीत बसला, आणि त्या कंटाळवाण्या चाकरीतूनच त्यास नव्या वाङ्मयाची ओळख झाली. उर्दू समीक्षेचा आरंभ ज्या ग्रंथापासून धरतात तो ‘मुकद्दमा’ त्यांनी १८९३ साली प्रसिद्ध केला.

दुसरे ख्वाजा अहमद अब्बास, या हालींचेच पणतू. १९१४ साली पानिपतास जन्मले, येथील हाली मुस्लिम हायस्कुलात शिकले, १९३३ साली अलीगढहून बी.ए. झाले. कायद्याचा अभ्यास चालू असतानाच त्यांनी ‘अलीगढ ओपिनियन’ हे विद्यार्थ्यांचे साप्ताहिक काढले. एलएल.बी. ची पदवी १९३५ साली हाती आली, पण वकिली केली नाही. ते मुंबईस ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये दाखल झाले. नोकरी सांभाळून लिहिलेल्या कथेवर १९४१ साली ‘नया संसार’ हा चित्रपट निघाला. ‘लास्ट पेज’ हे त्यांचे सदर आधी क्रॉनिकलमध्ये आणि मग ‘ब्लिट्झ’मध्ये १९८७ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. पानिपतचा मुलगा मुंबईत लेखणीवर जगला. मग मुंबईकडच्या मुलांनी पानिपतात बसून लेखणीने वह्या-पुस्तकांचा खर्च भागविला, तर त्यात वावगे ते काय?

परंतु कोणते लेखन, हा खरा प्रश्न. आपल्या मुलांपाशी एक ठेव आहे आणि तिची किंमत त्यांना स्वतःलाच ठाऊक नसते. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, शाळेत इंग्रजी. तीन भाषा त्यांच्या अंगवळणी पडलेल्या असतात. या शहराच्या सतरंज्या, घोंगड्या, गालिचे देशोदेशी जातात. तेथे मालाचे वर्णन, पत्रव्यवहार, माहितीपत्रक यांसाठी स्वच्छ इंग्रजी व हिंदी मजकूर लागतो. दिल्ली जवळ आहे आणि तेथे भाषांतराचे काम निघत असते. आकाशवाणीने १९६९ साली दिल्लीहून ‘युववाणी’ सुरू केली तेव्हा तरुणांच्या भाषणांस थोडी बिदागी मिळू लागली. तो काळ पालकांपैकी काहींना आठवत असेल. आज तशी दारे वेगळ्या नावांनी उघडी आहेत. मुद्रितशोधन, ध्वनिफितीवरून मजकूर उतरविणे, चित्रफितींखालील भाषांतर, मुलांच्या पुस्तकांचे अनुवाद ही कामे दिसावयास लहान असली तरी भाषेची तालीम देणारी आहेत.

२०२२ च्या अखेरीपासून यंत्रेही मागाल तसा मजकूर झरझर लिहून देऊ लागली आहेत. त्यामुळे नुसते शब्द भरून देण्याच्या कामाचा भाव उतरणार, हे उघड आहे. यंत्राचे वाक्य वाचून ‘असे मराठीत कोणी म्हणत नाही’ एवढे ठामपणे सांगू शकणारा मनुष्य मात्र लागतोच. हालींचे लाहोरातील काम आठवा. ते आता पुन्हा नव्याने निघाले आहे, आणि घरी आजीचे मराठी ऐकत वाढलेले मूल त्यास लायक आहे.

एक काम मात्र आम्ही साफ वर्ज्य सांगतो. दुसऱ्या विद्यार्थ्यांचे निबंध, प्रकल्प, प्रबंध पैसे घेऊन लिहून देणे. यात पैसा लवकर मिळतो, म्हणूनच मोह मोठा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात साठ टक्क्यांहून अधिक मजकूर उसना आढळल्यास विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होऊ शकते. घाईने प्रबंध लिहून देणारा इकडून तिकडून उतरवितो. तो निसटतो आणि शिक्षा भलत्याच्या माथी बसते. पण शिक्षेची भीती दूर ठेवली तरी एक गोष्ट उरते. आगरकर नाटक विकणार होते ते स्वतःच्या परीक्षेची फी भरण्यासाठी. दुसऱ्याची परीक्षा विकत देणे हा निराळाच व्यापार झाला.

आता थोडे व्यवहाराचे. मुले येथेच फसतात. काम करून द्यावे, ‘छान झाले’ अशी शाबासकी यावी आणि पैशाचे नाव निघू नये, हा अनुभव आमच्या कानी वारंवार आला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसताना स्वतंत्रपणे लिहिलेल्या मजकुराचा पहिला धनी लेखकच असतो. तो हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच हक्क दिला असे मानतात. हक्क विकल्यावरही आपण लेखक आहोत असे सांगण्याचा अधिकार कायद्याने राखून ठेवला आहे. अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार कायद्यात टिकत नाही. तेथे आईवडिलांनी मध्ये पडावे. काम किती, दर काय, पैसे कधी, दुरुस्त्या किती वेळा, एवढ्या चार गोष्टी आधी कागदावर याव्यात. चार ओळींचे पत्रही पुरते. पहिल्या कामाचे पैसे हाती आल्यावाचून दुसरे घेऊ नये. संकोच वाटेल, आपल्या घरांतून पैशाचे बोलणे मुलांना शिकवीतच नाहीत.

पालकांस एवढीच विनंती, की मुलाने मिळविलेल्या पहिल्या शंभर रुपयांस हसू नये. त्याचबरोबर परीक्षेच्या आधीच्या दोन महिन्यांत नवे काम घेऊ देऊ नये. केरूनानांचा वडिलकीचा भाग तेवढा आपण घ्यावा.

शेवटी एक सूचना, आणि ती कार्यकारिणीस आहे. स्मरणिका निघते तेव्हा कागदवाला, छापखाना, मंडपवाला, आचारी या साऱ्यांचे पैसे चुकते होतात. ज्या मुलीने रात्री जागून मुद्रिते तपासली आणि ज्या मुलाने अहवालाचे हिंदी भाषांतर केले, त्यांस नारळ आणि टाळ्या मिळतात. महाराष्ट्राबाहेरच्या बहुतेक मंडळांची हीच रीत आहे. नारळास आमची हरकत नाही. पुढील अंकाच्या अंदाजपत्रकात ‘लेखन, भाषांतर व मुद्रितशोधन’ असे एक कलम विद्यार्थ्यांसाठी घालावे, दर पानामागे ठरवावा आणि रक्कम अंक प्रसिद्ध होण्याआधी त्यांच्या हाती पडावी. आकडा काय असावा हे खजिनदारांनी सांगावे. ते समोरच बसले आहेत.