टाचेचा ब्रेक

अमेरिकेतील पायपर कंपनीचे जे-३ कब हे विमान १९४७ पर्यंत बनत होते. हौशी मंडळी ते आजही उडवतात. चवड्याने ब्रेक दाबायला शिकलेला वैमानिक त्यात बसला, की आमच्या मते खरी अडचण त्याच्या पायांची. येथे चवडा सुकाणूच्या पेडलवर आणि ब्रेक टाचेखाली! सायकलचा ब्रेक हातातून पायात गेला, तर आपले काय होईल? घाईत तो चवडा दाबतो. विमान थांबत नाही, उलट वळते. भार मुख्य चाकांच्या मागे असल्याने वळण आवरले नाही, तर शेपूट गर्रकन पुढे येते. घाबरून दोन्ही टाचा रोवल्या, तर नाक जमिनीला! म्हणून विमान उभे असतानाच टाचा आत वळवून ब्रेक चाचपावेत. उतरताना वेग असेतो सुकाणू पुरते. ब्रेक अगदी शेवटी, तोही हलकेच.