रिमोटच्या गाडीची छोटी बॅटरी

इंधनावर धावणाऱ्या रिमोटच्या गाडीत रिसीव्हर आणि सर्व्हो मोटारींसाठी वेगळी छोटी बॅटरी असते. ती मधेच बंद पडली, तर भरधाव गाडी कुणाचंच ऐकत नाही. म्हणून आधी सर्व्होवर लिहिलेले व्होल्ट वाचा. अनेक साधे सर्व्हो 6 व्होल्टपर्यंतचेच असतात. त्यांना पाच सेलची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी बरी. दोन सेलची लिथियम पॉलिमर पूर्ण भरल्यावर 8.4 व्होल्टवर जाते. त्यात असे सर्व्हो जळू शकतात.

सर्व्हो जास्त व्होल्ट सोसणारे असतील, तर माझी पसंती लिथियम आयर्न फॉस्फेटला. दोन सेलचे 6.6 व्होल्ट मिळतात आणि उष्णतेत हे रसायन बरंच स्थिर राहतं. धाराशिवच्या मे महिन्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, हा गुण फार मोलाचा. चार्जरवर मात्र याच प्रकाराची सेटिंग निवडा: प्रत्येक सेलला 3.6 व्होल्ट, त्याहून जास्त नाही. चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर करा. पत्र्याच्या तापल्या खोलीत नको. आणि मुलांनो, फुगलेली बॅटरी दिसली की हात न लावता आधी घरच्या मोठ्यांना सांगा.