घंटेला वाट, माणसाला कुलूप

(विरारच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वसईचा किल्ला तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. पायी गेला नसाल तर पडद्यावर पाहिलाय, फक्त ती वसई आहे हे कुणी सांगितलं नाही. 2001 च्या 'प्यार तूने क्या किया'मधलं गाणं तिथलं. 2016 साली कोल्डप्ले या इंग्रज बँडचं 'हिम फॉर द वीकेंड' जगभर वाजलं, त्यातही हाच किल्ला. छप्पर उडालेली चर्चं, वसईकरांच्या इगर्जी, म्हणजे सिनेमावाल्यांचा तयार सेट. देवाचं घर होतं, त्याचं थेटर झालं. तिकीट आपण काढतो.

सिनेमावर माझा राग नाही. पिटात बसून शिट्ट्या मारणारा माणूस मी. राग याचा की भिंत दाखवतात आणि भिंतीची गोष्ट गिळतात.

तर गोष्ट ऐका. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहानं तहात वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी कोट बांधला, कोटात इगर्जी उठवल्या. सेंट जोसेफची 1546 ची. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ज्याची त्याची वेगळी. याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया 1597 साली जपानात नागासाकीला क्रूसावर मारला गेला. 1862 साली रोमनं त्याला संत केलं.

मे 1739 मध्ये चिमाजी अप्पानं वसई घेतली. इगर्जींच्या घंटा उतरल्या आणि विजयाची निशाणी म्हणून घाटावरच्या देवळांत चढल्या. नाशकात गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावरची घंटा त्यातलीच मानतात. मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. जड वस्तू दिसली की आमच्या डोक्यात पहिला सवाल एकच : उचलली कुणी? त्या घंटेवर 1721 साल आहे. उचलणाऱ्याचं नाव नाही.

आता पुढं. त्याच नाशकात, त्या घंटेचा आवाज पोचेल एवढ्या अंतरावर काळाराम मंदिर आहे. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं तिथं धडकली. दरवाजे बंद! पाच वर्षं सत्याग्रह चालला, तरी दरवाजा आपल्यासाठी उघडला नाही. म्हणजे बघा, परमुलखाची, परधर्माची, क्रूसाखाली वाजलेली घंटा देवाला चालली. आणि त्याच मातीतला, त्याच देवाचं नाव घेणारा माणूस चालला नाही. धातूला विटाळ नाही, माणसाला विटाळ! 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, ते या बंद दरवाजासमोर उभं राहून झाल्यावर.

पण जिची घंटा गेली त्या इगर्जीनंही फार मान वर करू नये. बाप्तिस्म्याच्या पाण्यात नाव धुतलं गेलं, जात पोहून पलीकडं आली. आणि कायदा? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात हिंदूंपुरती ठेवली. 1956 ला शीख आत आले, 1990 ला झगडून आपण बौद्ध आत आलो. ख्रिस्ती दलित अजून उंबऱ्याबाहेर उभा आहे. जात अंगाला चिकटलेली, दाखला मात्र नाही. त्याची लढाई आपली नाही असं ज्याला वाटतं, त्यानं काळारामाचा दरवाजा पुन्हा एकदा आठवावा.

इंग्रजांच्या अमलात त्या किल्ल्यात साखरेचा कारखानाही निघाला होता. देव, पेशवा, साखर, सिनेमा : चार मालक झाले. पाद्री म्हणतो आमचं पवित्र स्थान. सरदारांचे वारस म्हणतात आमचा विजय. प्रोड्यूसर म्हणतो आमचं लोकेशन. दगड डोक्यावर वाहिला त्यानं काय म्हणायचं? त्यानं म्हणायचं, आमचा घाम. आणि हे म्हणायला कुणाच्या परवानगीची वाट बघायची नाही.

येत्या रविवारी विरारहून गाडी धरा. दोन स्टेशनं, वसईरोडला उतरा, किल्ल्यात जा. फोटो काढा, खुशाल काढा. पण सेंट जोसेफच्या मनोऱ्याखाली उभं राहून एकदा वर बघा. घंटा नाही. त्या रिकाम्या जागेवर लिहा, कविता लिहा, नाटक लिहा. आणि उद्या आपल्यातल्या कुणी सिनेमा काढलाच, तर पहिल्या शॉटमध्ये घंटा खांद्यावर घेतलेला माणूस दाखवा. हिरोईन मागाहून येईल.

जयभीम!