वरणाची वाटी आणि तुरीचे पोते
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय कोणता घेणार, असे संयोजकांनी विचारले तेव्हा मी 'डाळ' एवढेच कळविले. त्यांना ती थट्टा वाटली असावी. समाजवादी कार्यकर्त्यांच्या वर्गात नियोजन, मक्तेदारी, भांडवल यांवर बोलावे. वरणाच्या वाटीवर काय बोलायचे? परंतु आपल्या चळवळीतील एक जुना, अद्याप न सुटलेला पेच या वाटीतच दडलेला आहे, असे माझे मत आहे.

१९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. जीवनावश्यक वस्तू परवडतील अशा दराने मिळाल्या पाहिजेत, एवढीच त्यांची मागणी होती. पुढे १९८० साली शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांदा यांच्या भावासाठी रस्ते आणि रेल्वे रोखली. उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव हवा, ही त्यांची मागणीही तितकीच साधी होती. आपल्यापैकी पुष्कळांची मने तेव्हा दुभंगली. स्वस्ताईची बाजू घ्यावी की रास्त भावाची? शहरात एक घोषणा आणि खेड्यात दुसरी, अशी कसरत आपण पुढे कितीतरी वर्षे केली. मला आज एवढेच दाखवायचे आहे की हे दोन मोर्चे एकमेकांवर चालून गेलेले नव्हते. त्यांना समोरासमोर उभे करते ते सरकारी धोरण. डाळीच्या उदाहरणात ही गोष्ट फार स्वच्छ दिसते.

प्रथम ताटाकडे पाहू. १९५१ साली देशात दरडोई दररोज सुमारे ६१ ग्रॅम कडधान्य उपलब्ध होते. १९६१ साली ते ६९ ग्रॅम झाले. २००१ साली हाच आकडा ३० ग्रॅमवर आला. चाळीस वर्षांत वाटी निम्म्याहून खाली गेली. त्यानंतर ती काही प्रमाणात भरली, पण त्यात परदेशी डाळीचा वाटा मोठा आहे. शिवाय ही सरासरी आहे. सरासरीत सुखवस्तू घरातले वरणही मोजले जाते आणि शेतमजुराच्या घरी आमटी म्हणून जे पाणी वाढले जाते तेही. दूध, अंडी, मांस ज्यांना क्वचितच मिळते त्यांना प्रथिने मिळण्याचा दुसरा मार्ग कोणता? धान्यातील प्रथिनांत लायसिन कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत मिथिओनिन कमी, ते धान्यातून मिळते. वरणभात, पिठलेभाकरी, कोकणातले कुळथाचे पिठले आणि भात या जोड्या कोणा शास्त्रज्ञाने लावून दिल्या नाहीत, पण त्या शास्त्राला धरून आहेत.

आता शेताकडे. कडधान्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. तुरीचा पाला गळतो तो जमिनीतच मुरतो. विदर्भात कपाशीच्या मध्ये तुरीच्या ओळी घालण्याची रीत जुनी आहे. कपाशी बुडाली तर तूर हात देते. दाणे घरात, कुटार जनावरांना, तुराट्या चुलीला आणि कुडाला. पाणी कमी, खत कमी, जोखीम वाटलेली. कोरडवाहू महाराष्ट्राला याहून सोयीचे पीक शोधूनही सापडणार नाही.

मग असे पीक मागे का पडले? शेतकरी अडाणी होता म्हणून नव्हे. तो हिशेबी होता म्हणून. १९६५ साली कृषिमूल्य आयोग आणि अन्न महामंडळ स्थापन झाले. गहू आणि तांदूळ यांना नवे बियाणे, कालव्याचे पाणी, स्वस्त खत आणि ठरल्या भावाने सरकारी खरेदी, असे चारही आधार मिळाले. कडधान्यांना हमीभाव जाहीर होऊ लागले, पण त्या भावाने माल घेणारा दारात उभा राहिला नाही. पंजाब-हरियाणातील हरभऱ्याची जमीन गव्हाखाली गेली. मराठवाडा-विदर्भात पुढे मूग-उडदाची पुष्कळ जमीन सोयाबीनने घेतली. सोयाबीनही शेंगवर्गीयच; पण त्याचे तेल निघते आणि पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. मजुराच्या आमटीत ते येत नाही.

यात आम्हा अर्थशास्त्र शिकविणाऱ्यांचाही दोष आहे. प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याची रेषा आखली ती २२५० उष्मांकांच्या मापाने. उष्मांक पुरेसे मिळाले तर प्रथिनांची तूट बहुतांशी आपोआप भरते, असे डॉ. पां. वा. सुखात्मे सांगत. उपाशी माणसाला आधी पोटभर अन्न हवे, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. पण त्यातून सरकारने आपल्या सोयीचा अर्थ काढला, असे मला वाटते : धान्य दिले की जबाबदारी संपली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू, तांदूळ आणि भरड धान्ये आहेत, डाळ नाही.

धोरणाची खरी परीक्षा झाली ती २०१५ ते २०१७ या काळात. लागोपाठ दोन वर्षे पाऊस कमी झाला. २०१५-१६ मध्ये देशात तूर जेमतेम २५ लाख टन पिकली आणि २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. सरकारने शेतकऱ्यांना तूर पेरण्याचे आवाहन केले, बोनससह ५०५० रुपये हमीभाव जाहीर केला. त्याच वर्षी मोझांबिकशी तूर आयातीचा करारही केला. शेतकऱ्याने सरकारचा शब्द मानला. २०१६-१७ मध्ये तूर ४८ लाख टनांवर गेली आणि त्याच वर्षी सुमारे ६६ लाख टन कडधान्य परदेशातून आले. बाजारभाव हमीभावाच्या पुष्कळ खाली गेला. महाराष्ट्रात खरेदीकेंद्रांसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या. कुठे बारदाना नाही, कुठे गोदामात जागा नाही. एप्रिलमध्ये मुदत संपली म्हणून खरेदी थांबविली तेव्हा पोती केंद्राच्या आवारातच होती. ओरड झाल्यावर ती पुन्हा सुरू करावी लागली. तुरीच्या निर्यातीवरील बंदी उठली ती सप्टेंबरात, शेतकऱ्याचा बहुतेक माल विकला गेल्यावर.

भाव चढला की पेरा वाढतो, पेरा वाढला की भाव कोसळतो, भाव कोसळला की पेरा घटतो आणि ग्राहक पुन्हा महागाईत सापडतो. अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याची उपमा देतात. या जाळ्यात माशी कोण, हे पाहावे. कर्ज फेडायचे म्हणून शेतकरी जानेवारी-फेब्रुवारीतच तूर विकतो. मजूर आठवड्याच्या बाजाराला पाव किलो डाळ घेतो. साठवण्याची ऐपत या दोघांनाही नाही. ज्याच्याजवळ गोदाम आणि बँकेचे कर्ज आहे तो मधले आठ महिने धीर धरू शकतो. व्यापारी स्वभावाने दुष्ट असतो असे मी म्हणत नाही. धीर धरण्याची शक्ती ज्याच्या हाती असते, नफा त्याच्याच हाती जातो. ही शक्ती समाजाच्या हाती आली पाहिजे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने ११,४४० कोटी रुपयांचे कडधान्य अभियान मंजूर केले. २०३०-३१ पर्यंत उत्पादन ३५० लाख टनांवर न्यायचे आणि चार वर्षे नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांची तूर, उडीद, मसूर हमीभावाने पूर्ण घ्यायची, असे त्यात आहे. ते स्वागतार्ह आहे. पण घेतलेली डाळ जाणार कोठे? 'भारत डाळ' या नावाने सवलतीची विक्री २०२३ साली सुरू झाली. मात्र त्यातून रेशनकार्डावरचा हक्क निर्माण होत नाही. तो हक्क दिला तर किती डाळ लागेल, याचा हिशेब मी केला. अन्नसुरक्षेखाली सुमारे ८१ कोटी माणसे आहेत. चार माणसांचे एक कुटुंब धरले तर वीस कोटी कुटुंबे झाली. कुटुंबामागे महिना एक किलो म्हणजे वर्षाला २४ लाख टन डाळ, अख्ख्या दाण्यात सुमारे ३३ लाख टन. देशाचे उत्पादन अडीचशे लाख टनांच्या आसपास आहे. म्हणजे एक अष्टमांशाचा प्रश्न! २०२४-२५ मध्ये आपण याच्या दुपटीहून अधिक कडधान्य आयात केले. तमिळनाडूत रेशनवर तूरडाळ तीस रुपये किलोने गेली कित्येक वर्षे मिळते. तेव्हा हे अशक्य आहे, असे कोणी सांगू नये.

पैसा कोठून आणायचा, असे विचारले जाईल. युरियावर दरवर्षी जे अनुदान खर्च होते त्यात डाळीचे पीक बचत करते. कडधान्याचा हा सामाजिक लाभ हमीभाव ठरविताना धरावा, असे २०१६ साली अरविंद सुब्रमणियन यांच्या समितीने सुचविले होते. ते सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार होते. आपल्या पक्षाचे सभासद नव्हते.

म्हणून आपली मागणी तीन कलमांची, पण एकच असावी. हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी. खरेदी केलेली डाळ रेशनवर, अंगणवाडीत आणि शाळेच्या जेवणात. आणि आयातशुल्क पेरणीपूर्वी जाहीर करून हंगामभर न बदलण्याचे बंधन. यातले एक कलम सुटे काढले की दोन मोर्चे पुन्हा समोरासमोर उभे राहतील.

शेवटी एक लहानसे काम सुचवितो. येत्या जानेवारीत तूर बाजारात येईल तेव्हा तालुक्यातील कार्यकर्त्यांनी दर आठवड्याला बाजारसमितीतला भाव लिहून घ्यावा. त्याच दिवशी शहरातील साथींनी कामगारवस्तीतल्या किराणा दुकानातला डाळीचा भाव टिपावा. आपल्या साप्ताहिकाने हे दोन आकडे शेजारीशेजारी छापावेत. सहा महिने ते वाचल्यावर लाटणे घेतलेल्या बाईला आणि पोते वाहणाऱ्या शेतकऱ्याला आपले भांडण एकमेकांशी नाही, हे निराळे सांगावे लागणार नाही.